मोठ्या लढायांच्या मधले दिवस

आमच्याकडे पालकसभेत एक प्रश्न दर वर्षी हमखास येतो. मुले कॉमिक्स वाचतात, ती वाचू द्यावीत की काढून घ्यावीत? कधी कुणाचे अब्बा विचारतात, कधी कुणाची आजी. आमचे उत्तर ठरलेले आहे. वाचू द्या. धड्याचे एक पान ज्याला डोंगराएवढे वाटते, तोच मुलगा कॉमिकची तीस पाने एका बैठकीत संपवतो. चित्र अडलेल्या शब्दाला हात देते. वाचनाचा कंटाळा जाण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

यंदा प्रश्न मुलांकडून आला, आणि तो जास्त अवघड निघाला. शाळेच्या कपाटात कॉमिक्सचा एक गठ्ठा आहे. शहाद्याच्या एका सद्गृहस्थांनी घर बदलताना तो दिला. बहुतेक अंक हिंदी आहेत, नागराज आणि सुपर कमांडो ध्रुव यांचे. आमच्या भागातल्या मुलांना हिंदीची अडचण नाही. घरी भिली, गुजर बोली, अहिराणी किंवा उर्दू, बाजारात हिंदी आणि गुजराती, शाळेत मराठी, असा त्यांचा रोजचा प्रवास असतो. अडचण वेगळीच होती. एका कथेचा पहिला भाग होता, दुसरा होता, तिसरा नव्हता, चौथा होता. दुसरी एक कथा तर 'पुढील भागात' म्हणून थांबलेली, आणि तो पुढील भाग गठ्ठ्यात कुठेच नाही. मुले मधल्या सुट्टीत येऊन विचारू लागली, "सर, पुढं काय झालं?"

कळसाडीसारख्या गावात पुढचा भाग मिळायचा कुठे? आमच्या लहानपणी नंदुरबार स्टेशनावर पुस्तके मिळत. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांतून येणारे-जाणारे लोक ती घेत. मामूजान कुठे बाहेरगावी गेले की येताना एखादा अंक आणत. तो मालिकेतला कितवा भाग आहे हे पाहून घेण्याची त्यांना गरज वाटत नसे आणि आम्हाला तसे सांगण्याची हिंमत नव्हती. तेव्हा अर्धवट कथा वाचण्याची सवय आमच्या पिढीलाही आहे. पण तेव्हाच्या पुष्कळशा अंकांत कथा तिथल्या तिथे संपत असे. आता तसे राहिलेले नाही, आणि आजच्या सदराचा विषय तोच आहे.

महानायकांच्या मालिकांना एक रोग जडला आहे, महाकथेचा. राज कॉमिक्सचेच पाहा. नागराज १९८६ साली आला. त्याची सुरुवातीची चित्रे आपल्या पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढली होती, हे फार थोड्या मराठी वाचकांना ठाऊक असते. पुढच्याच वर्षी ध्रुव आला, अनुपम सिन्हांचा. ध्रुवाजवळ कोणतीही दैवी शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला मुलगा, डोके आणि चपळाई एवढेच भांडवल. त्या काळी एका अंकात एक चोर, एक पेच, एक उकल असे बहुधा भागत असे. मग कथा दोन भागांच्या झाल्या, तीन भागांच्या झाल्या. 'नागायण' तर आठ भागांची निघाली. तिच्यात नागराज आणि ध्रुव दोघेही आहेत, काळ भविष्यातला आहे आणि मामला साऱ्या जगाच्या अस्तित्वाचा आहे. त्यानंतर 'सर्वनायक' आली. तिच्यात त्या घरातले झाडून सारे नायक एकत्र आणले गेले आणि ती वर्षानुवर्षे चालली. दरम्यान प्रकाशनाची घरातच वाटणी झाली. आज तेच नायक भावाभावांच्या वेगवेगळ्या नावांनी छापले जातात.

अशी एक महाकथा संपते. दुसरी सुरू व्हायला वेळ असतो. मध्ये अंक तर काढायचे आहेत. मग मालिका भरकटते. ज्याने काल अख्खे विश्व वाचवले त्याने आज बसस्टँडवरचा पाकीटमार पकडावा तरी कसा? तो पकडला तर वाचक हसतात, आणि नाही पकडला तर नायकाला कामच उरत नाही. मग जुना शत्रू कबरीतून उठवायचा, नायकाची स्मृती घालवायची, नाहीतर त्याच्यासारखाच दुसरा आणून उभा करायचा. मुलांना हे कळते. आमच्या सहावीतल्या एका मुलीने असा अंक परत करताना सांगितले, "सर, यात नुसती वाट बघतायत सगळे." समीक्षा म्हणून यात आम्हाला काही भर घालता येणार नाही.

उर्दू शिकलेल्यांना या ठिकाणी आपली दास्तान आठवावी. अमीर हम्जाच्या दास्तानीतला अमर अय्यार आमच्या वाचकांना सांगायला नको. त्याची झंबील म्हणजे अशी थैली की जग तीत मावावे. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ही दास्तान छापली तेव्हा तिचे ४६ खंड झाले. इतकी लांब कथा भरकटली कशी नाही? जाणकार दास्तानीची चार अंगे सांगतात: रज्म, बज्म, तिलिस्म आणि अय्यारी. रज्म म्हणजे लढाई. तिलिस्म म्हणजे जादूची दुनिया. अय्यारी म्हणजे वेषांतर, चकवा, हातचलाखी. आणि बज्म म्हणजे मैफल: बसणे-उठणे, दस्तरखान, थट्टामस्करी, रुसवेफुगवे, निकाह. दास्तानगो एका लढाईतून उठून तडक दुसऱ्या लढाईत जात नसे. मध्ये तो बज्म मांडत असे आणि ऐकणारे ती तितक्याच चवीने ऐकत. दास्तान रोखून धरणे, म्हणजे गोष्ट पुढे न नेता माणसांना जागेवर बसवून ठेवणे, ही त्या कलेतली मोठी कसोटी मानली जाई. दिल्लीचे मीर बाकर अली हे त्या परंपरेतले शेवटचे नामवंत. १९२८ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आमचे म्हणणे असे की आजच्या महानायकांजवळ रज्म भरपूर आहे, तिलिस्म तर उतू जाते आहे, पण बज्म आटली आहे. म्हणून दोन लढायांच्या मध्ये त्यांना करायला काही नसते.

ज्यांच्याजवळ बज्म होती ते टिकले. आमच्या पिढीचा वेताळ घ्या. ली फॉक यांचा 'फँटम' अमेरिकी वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाला. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' काढले, तेव्हा पहिला अंक त्याचाच होता. पुढे ते अंक मराठीतही येऊ लागले. परक्याची गोष्ट आपल्याकडे आणताना तिथल्या संपादकांनी बारीक विचार केला होता. मूळ कथेत जंगलातल्या टोळीचे नाव 'बंदर' होते, ते इथे 'भंडार' केले, कारण आपल्याकडे बंदर म्हणजे काय हे लहान मूलही जाणते. वेताळाच्या देशाचे बंगालशी जुळणारे नाव बदलून 'डेंकाली' ठेवले. समुद्री लुटारूंच्या टोळीचे नाव 'सिंग' होते, ते 'सिंगा' झाले. कुणाचे मन दुखावणार नाही आणि गोष्टही मोडणार नाही, इतकी काळजी तेव्हा तीस पानांच्या पोरखेळासाठी घेतली जात होती.

वेताळाच्या लढाया आता आम्हाला फारशा आठवत नाहीत. आठवते ती कवटीची गुहा, तिथल्या जुन्या वह्या, तुफान घोडा आणि डायना. डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करते, हा जंगलात राहतो, आणि गोष्ट वर्षामागून वर्षे अशीच चालते. १९३६ ला सुरू झालेल्या या नायकाचे लग्न लागले १९७७ साली! दोन वर्षांनी जुळी मुले झाली, किट आणि हेलॉइस. एकेचाळीस वर्षे थांबलेली ही मंगनी आमच्या घरच्या बायकांनाही ठाऊक होती. आमच्या दादीजानना वाचता येत नव्हते, पण अंक आला की त्यांचा एकच सवाल असे, "त्या पोरीचा निकाह झाला का?" त्यांना लुटारूंशी काही देणेघेणे नव्हते.

पण वेताळ काही झाले तरी परका. आपल्या मातीतला नायक डिसेंबर १९७६ मध्ये इंद्रजालमध्ये आला. त्याचे नाव बहादूर, आणि त्याचे जन्मदाते आबिद सुरती.

सुरतींविषयी आमच्या मासिकाच्या वाचकांनी थोडे जाणून घ्यावे असे वाटते. जन्म १९३५ चा, गुजरातमधला. वाढले मुंबईत, डोंगरी भागात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बंदरावर उतरलेले गोरे सैनिक छोट्या आगगाडीतून जात आणि पोरे गाडीमागे धावत. सैनिक खाऊ फेकत, कधी वाचून झालेली कॉमिक्सही फेकत. त्यातले मिकी माऊसचे एक पान आबिदच्या हाती लागले आणि ते पाहून पाहून तो चित्रे काढायला शिकला, अशी आठवण ते स्वतः सांगत आले आहेत. एक सुटे पान! पुढचे पान नाही, मागचे नाही. पुढे जे. जे. कला महाविद्यालयात शिक्षण झाले. गुजराती आणि हिंदीत कादंबऱ्या, नाटके, बालसाहित्य मिळून ऐंशीवर पुस्तके झाली. 'धर्मयुग' साप्ताहिकातले त्यांचे 'ढब्बूजी' हे व्यंगचित्र आमच्या वडीलधाऱ्यांना नक्की आठवेल.

बहादूरची गोष्ट अशी. बाप चंबळच्या खोऱ्यातला डाकू, भैरवसिंग. तो पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला जातो, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मारला जातो तोच, विशाल त्याचे नाव, त्या पोरक्या मुलाला घरी नेऊन वाढवतो. मुलाच्या मनात सूड असतो. सत्य कळल्यावर तो सूड सोडतो आणि डाकूंपासून गावाचे रक्षण करायला गावकऱ्यांचे एक दल उभे करतो: नागरिक सुरक्षा दल. अंगात केशरी कुर्ता आणि खाली जीन्स. बरोबर बेला, जी वेळ पडल्यास स्वतः चार हात करते. १९७२ साली जयप्रकाश नारायण यांच्यासमोर चंबळच्या शेकडो डाकूंनी शस्त्रे खाली ठेवली होती. ती बातमी ताजी असलेल्या वाचकांना बहादूरचे गाव कुठे आहे हे सांगावे लागत नव्हते. गोविंद ब्राह्मणिया यांनी चित्रे काढली, त्यामुळे घरे, पागोटी, विहिरी सगळे ओळखीचे दिसे.

सूडाची मोठी कथा अशी सुरुवातीलाच मिटली. एखाद्या आजच्या लेखकाने तीच बारा भाग ताणली असती. सुरतींनी ती मिटवली आणि नायकाच्या हाती रोजचे काम दिले. दल बांधायचे, पोरांना शिकवायचे, रात्रीची गस्त लावायची, शरण आलेल्या माणसावर गावाचा विश्वास बसवायचा. हे काम कधी संपत नाही. म्हणून बहादूरला दोन लढायांच्या मध्ये रिकामे बसावे लागले नाही. इंद्रजालमध्ये एका अंकात वेताळ, दुसऱ्यात मॅन्ड्रेक, तिसऱ्यात आणखी कुणी, असा फेरा असे. बहादूरची पाळी पुष्कळ दिवसांनी येई. तरी तो आला की कुठे सोडला होता हे शोधावे लागत नसे. पुढे सुरतींनी लेखन सोडले, जगजित उप्पल यांनी कथा लिहिल्या. नंतरच्या काही कथांत बहादूर शहरी तस्करांच्या मागे धावू लागला. आमच्या मते तो गावाबाहेर पडला तिथेच जरा फिका पडला. इतरांना कदाचित तसे वाटणार नाही.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. तोवर आठशेवर अंक निघाले होते. बहादूरलाही शेवटची महाकथा मिळाली नाही, निरोपाचा अंक मिळाला नाही. तो आपला गस्तीवरच राहिला.

आता साता समुद्रापलीकडचे एक उदाहरण, कारण आमच्या विद्यार्थिनी ते मोबाइलवर पाहून आम्हालाच सांगतात. अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीने २०१४ साली 'मिस मार्व्हल' या नावाने कमला खान नावाची मुलगी नायिका केली. न्यू जर्सीतल्या पाकिस्तानी कुटुंबातली, सोळा वर्षांची. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. पहिल्या खंडाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. त्या सुरुवातीच्या अंकांत लढाई बेताचीच आहे. अम्मीचा धाक, अब्बूंचे समजावणे, भाऊ आमिरची परहेजगारी, मस्जिदीतल्या शेखसाहेबांशी बोलणे, आणि रात्री खिडकीतून बाहेर पडल्याबद्दल मिळालेली सजा हाच मजकूर आहे. बज्मच म्हणा ना! नंतर कंपनीच्या महाकथा आल्या आणि त्या मुलीला एकीतून दुसरीत ओढत गेल्या. २०२३ च्या मे महिन्यात तिला मारण्यात आले, तेही तिच्या स्वतःच्या मालिकेत नव्हे, स्पायडरमॅनच्या एका अंकात. दोन महिन्यांत ती परत जिवंत झाली, पण आता दुसऱ्याच एका टोळीची सदस्य म्हणून. आमच्या आठवीतल्या मुलींना याचा राग आहे. मेली याचा नाही. तिच्या अम्मीला नीट रडूही दिले नाही, याचा.

हे सारे आम्ही इतक्या विस्ताराने का लिहितो आहोत, तर कपाटासाठी यंदा थोडे पैसे मिळाले आहेत आणि काय घ्यायचे ते ठरवायचे आहे. आणि ते ठरवताना आमच्या डोळ्यासमोर एक मुलगा आहे.

तो सहावीत आहे. घरची बोली भिली. दिवाळी झाली की आई-बापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातो, बारडोलीच्या बाजूला, आणि ऊस संपला की परत येतो. म्हणजे त्याच्या पुस्तकाचा मधला भाग दर वर्षी गहाळ असतो. पहिले धडे त्याने वाचलेले, शेवटचे तो ऐकतो, मधल्यांचा पत्ता नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या शिक्षकांना अशी मुले मोजून दाखवावी लागणार नाहीत. हा मुलगा नागराजचे दोन भाग झपाट्याने वाचून गेला आणि तिसरा नाही म्हटल्यावर कपाटाकडे फिरकेना. आम्ही चौथा पुढे केला. त्याने मान हलवली. "मधलं नाही तर काय समजणार," म्हणाला. तो हे कॉमिकविषयी बोलत होता, पण आम्हाला त्याचे गणिताचे पुस्तक आठवले.

मग आम्ही घरून मामूजानांचा बांधलेला जुना गठ्ठा आणला. मराठी इंद्रजाल, कडा कुरतडलेल्या. त्यातला बहादूरचा एक अंक त्याला दिला. चार दिवस लागले, बोट ठेवून वाचत होता. पाचव्या दिवशी दुसरा मागायला आला. तो अंक बऱ्याच पुढचा होता, मधले किती गेले असतील कोण जाणे. त्याचे त्याला काही वाटले नाही. गाव तेच, बेला तीच, दल तेच. बसून वाचू लागला. एका पानावर गस्तीची पाळी लावण्यावरून गावकरी भांडतात. तिथे तो एकटाच हसला. का हसलास विचारले तर म्हणाला, पडावावर पाणी भरायच्या पाळीवरून असंच भांडण होतं.

तेव्हा आम्ही ठरवले आहे की महाकथांचे संच घ्यायचे नाहीत. एकतर ते महाग असतात, आणि एक भाग हरवला की सारा संच निकामी होतो. सुटे, एका अंकात संपणारे घ्यायचे. चाचा चौधरी घेऊ. प्राण यांच्या या म्हाताऱ्याला महाकथेची गरजच पडत नाही, क्वचित तो राका उगवतो तेवढाच. राज कॉमिक्समधलाही मुंबईचा डोगा घेऊ, पण जुना. त्याला घडवणाऱ्या चार चाच्यांची नावे अद्रक, हल्दी, धनिया आणि कालीमिर्च अशी आहेत, आणि ती ऐकूनच वर्गात हशा पिकतो. काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले की डोगा फार मारधाड करतो, तो नको. त्यावर अजून वाद चालू आहे.

राहिले आबिद सुरती. ऐंशीच्या घरात असतानाही या गृहस्थांचे रविवार कसे जात ते सांगतो. मुंबईजवळ मीरा रोडला ते राहत. २००७ पासून दर रविवारी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक बरोबर घेऊन ते इमारतींत दारोदार जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. सुरुवातीचा खर्च एका साहित्य पुरस्काराच्या रकमेतून केला. पहिल्याच वर्षी १६६६ घरे झाली. वायसर बदलायचा, नळ आवळायचा, पुढचे दार वाजवायचे. तीस वर्षांपूर्वी बहादूरला त्यांनी जे काम दिले होते, तेच हे.

आमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी, माळ्यावर किंवा जुन्या पेटीत, मराठी इंद्रजालचे अंक पडून असतील तर रद्दीत घालण्याआधी जवळच्या शाळेला विचारावे. सलग नसले तरी चालतील. मुखपृष्ठ नसले तरी चालेल, फक्त शेवटचे पान असावे. आमच्या कपाटात बहादूरचे सध्या तीन अंक आहेत आणि त्यातला एक त्या मुलाबरोबर ऊसतोडीला गेला आहे. होळीच्या आसपास परत येईल.